ओके कोणी म्हणायचं

माणसाच्या तोंडून निघणाऱ्या सगळ्या शब्दांत ‘ओके’इतका जबाबदारीचा शब्द दुसरा नाही. भिलाईच्या सेक्टरातल्या आमच्या क्वार्टरमध्ये हे तत्त्व आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. वडील प्लांटमध्ये क्रेनला इशारे द्यायचे. ओझ्याभोवती फिरून, साखळी वाकून पाहून, हात उंचावून त्यांनी ‘ओके’ म्हटल्याशिवाय लोखंड हलत नसे. ओके एकानेच म्हणायचं, स्वतः पाहून म्हणायचं आणि जमिनीवर उभं राहून म्हणायचं, असा नियम होता. तो घरीही लागू होता. वरण ओके झाल्याशिवाय ताटं वाढली जात नसत.

बाकीचं जग मात्र ओके उधळत होतं. बँकेतल्या माणसाचं ओके म्हणजे ‘आता निघा’. काकांचं फोनवरचं ओके म्हणजे ‘मी ऐकतच नव्हतो’. भाच्याने मोबाइलवर नुसतं ‘के’ पाठवलं, तेव्हा वडिलांनी विचारलं, “अर्धंच पाहून आला का बे?”

धाकट्या बहिणीचं लग्न सकाळी पंचशील घेऊन साधेपणाने लागलं. संध्याकाळी रिसेप्शनमध्ये साधेपणाची भरपाई होती. बहिणीचा हट्ट एकच होता: धुरातून वर जाणारं कमळ, त्यावर ती आणि नवरदेव, वरून पाकळ्या, मागे गाणं. कमळ हथखोजच्या एका वर्कशॉपात बनलेलं, पत्र्याचं, गुलाबी. मोटर आणि साखळीवर ते वर जायचं.

“सब ओके?” माइकवाल्याने विचारलं. सगळा मांडव म्हणाला, ओके.

वडील खुर्चीतून उठले. “कोन म्हनलं ओके? कोनी साखळी पाहिली?”

“बाबा, आजच्या दिवस राहू द्या ना,” बहीण रडवेली झाली. “मी कवाची याचीच वाट पाहून राहिली.”

“म्हनूनच. आधी वजन चढते, मंग मानूस.”

वजन शोधत त्यांची नजर मांडवभर फिरली आणि व्याह्यांवर थांबली. नवरदेवाचे वडील भरदार गृहस्थ.

“या, बसा.”

“मी कावून?”

“तुमच्याएवढं इथं कोनी नाही.”

व्याह्यांना तो मान वाटला. ते फेटा सावरत कमळात बसले. धरायचं कुठे ते दाखवायला वडीलही वर चढले. तेवढ्यात माइकवाल्याने पुन्हा “ओके?” विचारलं, मांडवाने पुन्हा होकार भरला आणि मोटर सुरू झाली.

धूरवाल्याने धूर सोडला. गाणं लागलं. दोन व्याही एकमेकांना घट्ट धरून पाकळ्यांच्या वर्षावात वर जाऊ लागले. “अंकल, थोड़ा मुस्कुराइए,” कॅमेरावाला म्हणाला.

“रोक,” वडील वरून गरजले, “अब ओके के बिना बटन नहीं दबाना.”

मोटरवाला घाबरून थांबला. “ओके है ना, बाबूजी? उतारूँ?”

वडिलांनी नुसतं खाली जमिनीकडे बोट दाखवलं. नियम तो नियम.

“बोला ना,” व्याही कुजबुजले.

“मी आता वजन आहो. वजनानं बोलाचं नसते.”

“मंग मी म्हनू का?”

“तुमीबी वजनच.”

गाणं संपून पुन्हा सुरू झालं. मांडवात लोक हसून हसून खुर्च्यांना धरत होते. शेवटी बहिणीने लेहेंगा उचलला. ती कमळाभोवती फिरली, साखळी वाकून पाहिली, समोरच्या मावश्यांना मागे सारलं, मोटरवाल्याकडे तोंड करून हात उंचावला आणि म्हणाली, “ओके.”

कमळ अलगद खाली आलं. वडील उतरले, तिच्याकडे बघत राहिले. “हात अजून थोडा वर पाह्यजे,” ते म्हणाले. “चढ आता.”

मग वडिलांनी जमिनीवरून ओके दिलं आणि नवरानवरी अत्यंत सुरक्षितपणे वर गेली. धूर आणि पाकळ्या एका वेळेपुरत्याच आणल्या होत्या.