स्टेशनातला गावदेव

बाबा गेल्यावर आईला नागपूरला आणायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. गावी, रिठदला, शेत बटईने दिलेलं, घरात ती एकटी. इकडे तिसऱ्या मजल्यावर मीही एकटीच; चाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही. दोघी मायलेकींनी दोन गावांत दोन गॅस कशाला पेटवायचे, असं माझं म्हणणं. आई म्हणाली, "येतो आठ दिवस." मी मनात म्हटलं, एकदा ये तर खरी, मग बघते कशी जातेस.

वाशीमहून बसने ती आली, मांडीवर तुरीच्या डाळीचं गाठोडं घेऊन. स्टँडवरून मी तिला घरी आणलं. उंबऱ्यातच ती थांबली.

"इथला गावदेव कोठी हाये?"

"आई, आत तर ये. चहा टाकते."

"पाया पडल्याबिगर मी पानी बी घेत नाई. दुसऱ्याच्या गावात आलो न आपण."

आता या वस्तीचा गावदेव कोण, हे मला काय ठाऊक? इतकी वर्षं राहून मी कधी विचारलं नव्हतं. शेजारणीला विचारलं, तर तिने जवळच्या मॉलचा पत्ता सांगितला. माझा राग मुळात नाकाच्या शेंड्यावर. मी आईला गॅलरीत नेलं आणि समोरच्या मेट्रो स्टेशनकडे बोट केलं. स्तूपासारखा गोल घुमट, पुढे कोरीव तोरण, काचेतून दिसणारा भिंतभर बुद्ध.

"तो बघ तुझा गावदेव," मी म्हटलं. विषय संपावा म्हणून म्हटलं. आईने गाठोड्यातून नारळ काढला आणि पुन्हा चप्पल घातली.

ती चप्पल तिने स्टेशनच्या पहिल्या पायरीपाशी काढली. मी कानाशी लागून सांगितलं, अगं हे स्टेशन आहे. तिने वर घुमट पाहिला, तोरण पाहिलं, खांबांवरची कमळं पाहिली.

"एवढा देव बसला हाये अन् तू टेसन म्हणते."

नारळ पिशवीसकट तपासणीच्या यंत्रातून गेला. पडद्यावर तो गोल आकार पाहून गार्ड उठून उभाच राहिला. पिशवी उघडून बघितली आणि म्हणाला, "मावशी, इथं फोडता येत नाही."

"फोडत नाई बाप्पा. दाखवतो अन् घरी नेतो."

"मंग चप्पल तं घालून घ्या. कोणी घेऊन जाईन."

त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी स्टेशनात जायला लागली, चप्पल पिशवीत घालून. दर्शन घेतलं की तिथल्या बाकावर टेकायची. देवळातून लगेच निघू नये, घटकाभर बसावं, हा तिचा नेम स्टेशनालाही लागू झाला. शेजारी बसलेल्या पोरींना सांगायची, "आमच्याकडं शिरपूरचा देव अधांतरी बसला हाये म्हणतेत. तुमचं तं देऊळच खांबावर अधांतरी." मेट्रोत मात्र ती बसली नाही. मी आग्रह केला तर म्हणाली, "देवाच्या डोक्यावरून कायले जाव?"

मला वाटलं, जमलं. आई रुळली. मी कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले, तिच्यासाठी दिवाण बघून आले. ऑफिसातून घरी यायची घाई होणं काय असतं, ते मला पहिल्यांदाच कळत होतं आणि ते फार आवडत होतं.

आठवडा सरला आणि एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर तिचं गाठोडं बांधलेलं.

"उद्या सकाळच्या बसनं निघतो."

मी भडकले. तिथे कोण आहे तुझं, मी इथे काय भिंतींशी बोलू, असं नको नको ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाल, देवाची रजा घेऊन येऊ."

मी गेले, फुरंगटलेली, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. बुद्धासमोर आल्यावर आई स्वतः वाकली नाही. तिने माझ्या मानेवर हात ठेवला आणि मला वाकवलं. आमच्याकडे नव्या नवरीला घरात घ्यायच्या आधी असंच गावदेवाच्या पाया पाडतात. त्याशिवाय ती त्या गावची होत नाही.

"देवा, हे माही पोरगी," आई मोठ्याने बोलत होती आणि गेटमधून बाहेर पडणारी माणसं वळून बघत होती. "लगन नाई केलं तिनं. म्हणून तिले तुमच्यापाशी कोणी आणलं नाई. तिचा बाप आणनार होता, थो गेला. आता मी आणली. आजपासून तुमच्या गावची. लक्ष ठेवजा."

मला वाकल्यावर उठताच येईना. कशीबशी उभी राहिले आणि तिचा दंड धरला.

"मग तूही राहा ना गं माझ्याजवळ."

"नवरीसंग आलेली पाठराखीण कधी कायमची राह्यते का व माय?" आई म्हणाली. "आठ दिवस राहून वापस जाते थे."

मी तिथेच, सगळ्यांदेखत, लहान पोरीसारखी रडले. आईने पदराने माझं नाक पुसलं. मग बाकावर जागा करून मला शेजारी बसवलं, कारण घटकाभर टेकायचं अजून राहिलं होतं.