मिस्त्रीने मारलेलं सूत

मोटारसायकल बेफाम हाकण्याला भाषेत शब्दांचा तोटा नाही. कोणी गाडी बुंगाट सोडतो, कोणी ॲक्सिलरेटरचा कान पिळतो, कोणी वळणावर झोपवतो, कोणी चालत्या माणसाला कट मारतो. ऐकणाऱ्याला वाटावं, ही काय मोठी मर्दुमकी! पण त्या गल्लीत आणखी एक शब्द चालायचा, तो बाहेर कुठे ऐकायला मिळाला नसता. सूत मारणं. हा शब्द त्या गल्लीला एका सुतारामुळे मिळाला होता; त्याला सगळे मिस्त्री म्हणत.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दार चौकटीत नीट उघडावं-मिटावं म्हणून सुतार तेवढी फट सोडतो. मिस्त्री रस्त्यावरच्या माणसाच्या अंगाजवळूनही तेवढीच फट सोडून गाडी काढायचा. शर्टाची बाही फडफडली पाहिजे, पण धक्का लागता कामा नये. शेजारच्या गॅरेजवाल्याने एकदा ओरडून म्हटलं, "अरे, सूतभर जागा ठेवून गेलास की रे!" झालं! पोराटोरांच्या तोंडी शब्द बसला. चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप असलेला माणूस, पण कोणी "मिस्त्री, सूत मारा ना!" म्हटलं की याच्या अंगात यायचं.

आणि या खेळाचा एक नियम होता. सूत मारणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. मागे बघतो तो कच्चा, त्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही. मिस्त्रीने इतक्या वर्षांत एकदाही मागे बघितलं नव्हतं. "आजवर कोणाला नखसुद्धा लागलं नाही माझं," हे तो छाती पुढे काढून सांगायचा. बायको म्हणायची, "एक दिवस तोंडावर आपटाल." तो हसून विषय उडवून लावायचा.

एके सकाळी एक बाई त्याच्या दुकानात आली. परगावी नोकरी करणारी, डोळ्यांखाली जागरण. लाँड्रीच्या मागच्या घरात राहणाऱ्या म्हातारीची ही लेक. घर बंद करून आईला कायमचं घेऊन जायचंय म्हणाली. शिवणयंत्राला लाकडी खोका करायचा आणि मागच्या खिडकीला फळ्या मारायच्या. मिस्त्री हत्यारांची पिशवी पाठीला अडकवून निघाला.

म्हातारी खोलीत खुर्चीवर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, जवळ काठी. शिवणयंत्र खिडकीपाशी होतं आणि त्याच्या सुईखाली अर्धी शिवलेली उशीची खोळ तशीच अडकून राहिली होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून म्हातारी त्या यंत्रावर आख्ख्या गल्लीचं शिवण करायची. मिस्त्रीने टेप काढला आणि यंत्राची उंची घेऊ लागला.

"खोका करून उपयोग नाही," म्हातारी म्हणाली. "मी जाणार नाही."

"आई, पुन्हा सुरू करू नकोस," लेक म्हणाली. मग मिस्त्रीकडे वळून हळू आवाजात सांगू लागली, "पडली ती रस्त्यात. चक्कर आली असणार. पण ती म्हणते चक्कर नाही, हवेतून करवत आली. कानाशी करवत आली म्हणे उडत! डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, वयोमानाने असे भास होतात, एकटं ठेवू नका. आता सांगा, मी काय करू?"

"मला ऐकू येतंय," म्हातारी म्हणाली. "पडले मी, वेडी नाही झाले. लाँड्रीच्या वळणावर करवत होती. पात्यावर ऊन चमकलं, त्यापुढे काही दिसलंच नाही; गाड्यांचा आवाज तर इथे रोजचाच. मी दचकून बाजूला झाले आणि नालीच्या काठावर आपटले."

मिस्त्रीचा टेप सुर्रकन आत गेला. लाँड्रीचं वळण. परवा त्या वळणाच्या अलीकडे गॅरेजवाल्याची पोरं उभी होती, त्यांनी शिट्टी मारली होती, आणि यानेही हौसेने कान पिळला होता. कडेने पिशवी घेऊन कोणीतरी बाई चालली होती. चेहरा बघितला नव्हता, कशाला बघेल! पाठीला हीच पिशवी होती. ती आत्ता भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्या तोंडातून करवतीचं पातं वीतभर बाहेर आलेलं होतं.

हँडलचं माप त्याच्या डोक्यात पक्कं होतं, गुडघ्याचंही. पाठीवरच्या करवतीचं माप त्याने कधी धरलंच नव्हतं. आणि म्हणे सुतार! जन्मभर दुसऱ्यांच्या चौकटी गुण्यात, काटकोनात आहेत की नाही ते तपासत फिरला, आणि स्वतःच्या पाठीवर काय बाहेर आलंय ते याला माहीत नव्हतं.

गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. म्हातारी उद्या जाईल, घराला कुलूप लागेल, गल्ली चार दिवस हळहळेल. त्याने हळूच पायाने पिशवी यंत्राच्या मागे सरकवली. सरकवली आणि त्याला स्वतःचीच किळस आली. अरे, चोरी करणारा तरी पोटासाठी करतो. आपण कशासाठी केलं हे? पोरांच्या शिट्टीसाठी?

लेक कपाटातले कपडे बॅगेत भरत होती. म्हातारी आता लेकीशी भांडत नव्हती. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला वाटतं भासच झाला असेल. तू म्हणतेस, डॉक्टर म्हणतात. माझंच काहीतरी बिघडलंय." आणि तिने चांगल्या हाताने डोळे पुसले.

ते मात्र मिस्त्रीला सहन झालं नाही. त्याने पिशवी पुढे ओढली, करवत बाहेर काढली आणि म्हणाला, "मावशी, भास नाही. हीच करवत. गाडीवर मी होतो."

लेकीच्या हातातली साडी तशीच राहिली. "काय म्हणालात?"

"मीच तो. गंमत म्हणून अगदी जवळून काढली गाडी. यांना चक्करबिक्कर काही आलेली नाही. मी पाडलं यांना."

"आणि थांबला नाहीत?"

"मागे बघितलंच नाही."

"का नाही बघितलंत?"

याला उत्तर काय देणार? नियम सांगणार? तोच नियम, जो कालपर्यंत तो दुकानाच्या फळीवर बसून पोरांना शिकवायचा! तेव्हाच त्याच्या मनात आलं की नखसुद्धा लागलं नाही म्हणतो ते कशाच्या जोरावर? मागे बघितलं असतं तर कळलं असतं. इतक्या वर्षांत आणखी किती जण असेच आपटले असतील, आणि घरच्यांनी त्यांनाच वेड्यात काढलं असेल.

म्हातारी म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव. यालाच बोलू दे."

मिस्त्रीने डॉक्टरांना सगळं सांगितलं. मग म्हातारीच्या मुलाला, तो आणखी लांबच्या गावी होता. त्याने फोनवरच शिव्या घातल्या, त्या मिस्त्रीने निमूट ऐकल्या. मग म्हातारीने खिडकीतून लाँड्रीवाल्याला हाक मारली आणि म्हणाली, "यालाही सांग. हा काल मला विचारत होता, आता डोकं कसं आहे म्हणून." मिस्त्रीने त्यालाही सांगितलं. दर वेळी सांगताना शब्द कमी होत गेले आणि लाज वाढत गेली.

लेक आईच्या पायाशी बसली होती. "आई, मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही गं," एवढंच म्हणत रडत होती. म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे. ती बॅग रिकामी कर आधी."

"मावशी, पोलिसांत जायचं तर मी येतो बरोबर," मिस्त्री म्हणाला. "हात बरा होईपर्यंत माझी बायको येईल घरकामाला. मी स्वतः..."

"तुझ्या बायकोने काय पाप केलंय? पोलिसांचं लेकीशी बोलून ठरवीन. आता जा तू." आवाजात राग नव्हता. दमलेली होती ती. "खरं बोललास, ते बरं केलंस. नाहीतर मी माझ्याच डोक्याला घाबरत मेले असते."

मिस्त्रीला जरा हायसं वाटलं. त्याने हत्यारं गोळा केली, पिशवी हातात घेतली आणि दाराकडे निघाला. खुर्ची दाराच्या बाजूला होती. मध्ये भरपूर जागा होती, दोन माणसं सहज गेली असती. तो जवळ येताच म्हातारीने दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले, प्लॅस्टरचा हात छातीशी धरला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

तो जागच्या जागी थांबला. तिने डोळे उघडले तेव्हा तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "मी मागच्या दाराने जातो."

"हो," ती म्हणाली. "तसाच जा."