ह्यांचा आवाज शालूच्या घरी

शालूने वसंतभावजींच्या हातावर फाडकन मारलं. तिच्या बोटांना मोदकाची उकड होती, ती त्यांच्या मनगटाला चिकटली. गणपती मखरात बसले होते, आरतीला माणसं यायची होती. वसंतभावजी म्हणजे माझे धाकटे दीर आणि शालू त्यांची बायको, माझी जाऊ. नवऱ्यावर हात उचलताना मी तिला तेवढंच एकदा पाहिलं.

भावजींचं म्हणणं, ते मदतच करत होते. शालूचं फोटो-आवाज साठवायचं यंत्र सकाळपासून बंद होतं, म्हणून त्यांनी त्याची डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपने विचारलं, ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? भावजी ‘हो’ दाबणार, तेवढ्यात शालू स्वयंपाकघरातून आली.

“त्याला या डिस्कचं काही वाचता येत नाही, म्हणून तो सगळं पुसायला निघालाय,” ती म्हणाली. “तुम्ही हो म्हटलं असतंत, तर दादा पुन्हा गेले असते.”

दादा म्हणजे माझा नवरा. ते वारले होते आणि त्या डिस्कमध्ये त्यांचा आवाज होता. दुसरीकडे कुठेही नव्हता.

तो तिथे कसा गेला ते सांगते. ह्यांचं आजारपण निघालं तेव्हा औषधपाणी ठाण्याला होतं. शालूचं घर खोपटला, एसटीच्या डेपोजवळ, दवाखान्यापासून जवळ. आमचं घर डोंबिवलीला मानपाड्यात, आणि घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना टाकून जाणार कशी? मी मानपाड्याला सासूबाईंची कूस बदलत होते आणि हे खोपटला शालूच्या हॉलमध्ये बसून गप्पा मारत होते. गावच्या विहिरीच्या, शाळेच्या, कारखान्यातल्या संपाच्या. माझ्याशी बोलायला त्यांना जन्मात विषय सापडला नाही. शालू समोर फोन ठेवायची, सगळं बोलणं त्यात धरायची आणि मग यंत्रात ठेवायची.

शालू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, ही पेटीएवढं यंत्र आणून बसली. सर्व्हर म्हणतात त्याला. कुटुंबातल्या सगळ्यांचे फोटो, लग्नं, बारशी, सगळं त्यात. “आपल्या घरच्या वस्तू आपल्या घरात,” ती म्हणायची. झालं, मग कुणाला मुंजीतला फोटो हवा, शालूला फोन. पुतण्यांना, भाच्यांना, सगळ्यांना शालूकाकीच हवी. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला कोण कशाला विचारतंय. मी तिला तोंडावर म्हटलं होतं, तू घरातली तलाठी झालीस. ती हसली. तिला टोचून बोललं तरी ती हसायची, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

तिची एक सवय होती. काही बिघडलं की आधी कान लावायची. मिक्सर असो, पंखा असो, ते यंत्र असो. “आधी ऐकायचं, मग हात लावायचा,” हे तिचं नेहमीचं. आणि दुसरं, “एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.” हे ती आमटीलाही लावायची. आधी मीठ घालून चाखायची, मग गूळ.

पण चूक तिचीच होती, ती मी झाकणार नाही. डिस्क खरं तर दोन होत्या, एकीची नक्कल दुसरीवर. त्यातली एक उन्हाळ्यात गेली आणि नवीन आणायचं शालू गणपतीनंतरवर ढकलत राहिली. शिवाय यंत्राची जागा हॉलच्या कोपऱ्यात, आणि गणपती दरवर्षी त्याच कोपऱ्यात बसायचे. इंटरनेटची वायर आतल्या खोलीपर्यंत पुरेना, म्हणून बाईंनी यंत्र मखराच्या टेबलाखाली सरकवलं, वरून जरीचं कापड सोडलं, आणि त्याच एका बोर्डावर मखराची माळ, देवामागचं फिरतं चक्र, पंखा, सगळं लावून टाकलं.

भावजींच्या हातून डिस्क घेऊन तिने परत जागेवर जोडली, यंत्र चालू केलं. हात धुतले. मग भरजरी लुगड्यात सरळ जमिनीवर आडवी झाली आणि कापड उचलून कान लावला. मीही वाकले. आत टक टक होत होतं. थांबायचं, पुन्हा टक टक.

“गेली का गं?” मी विचारलं.

“वहिनी, जरा गप्प बसा.”

मला असं कुणी बोललेलं चालत नाही. पण मी गप्प बसले.

थोड्या वेळाने म्हणाली, माळ लागते तेव्हा आवाज वाढतो, विझते तेव्हा कमी होतो. म्हणजे डिस्कला वीज पुरत नाही. तिने फक्त माळ काढली. टक टक सुरूच. मग चक्र काढलं. मग आतून घरघर सुरू झाली, एकसारखी. तोवर शेजारची माणसं दारात आलेली. मखर काळोखात बघून एक बाई म्हणाल्या, लाईट गेले का? शालू पदर झटकत उठली. “बाप्पाला समईत दिसतं,” म्हणाली आणि आरती सुरू केली. आरतीत मी टाळ्या वाजवत होते, डोळे टेबलाखाली.

माणसं गेल्यावर शालूने फोनवरून यंत्र उघडलं तर आत ह्यांचं काहीच नाही. भावजी खुर्चीत चोरासारखे बसलेले. शालूने मला समजावलं, यंत्रात प्रत्येक काम आपापल्या डब्यात बंद असतं, फोटोंचा डबा वेगळा, आवाजांचा वेगळा. आवाजांचा डबा डिस्कच्या आधी जागा झाला, त्याला समोर रिकामं दिसलं, तो रिकामाच बसला. तिने तेवढा डबा बंद करून पुन्हा चालू केला. लॅपटॉपवर नावं दिसली. फोनवर तरी नाहीच. मग सापडलं, की त्या बोर्डावर इंटरनेटचा राउटरही होता, प्लग काढताना तो बंद-चालू झाला, यंत्राला नवा पत्ता मिळाला आणि फोन जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. तिने जुना पत्ता यंत्राच्या नावावर कायमचा बांधून टाकला.

“लाव,” मी म्हटलं. तोवर मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. माझा नवरा ऐकायला जावेच्या दारात जायचं, हे मला जमणारं नव्हतं.

तिने जे पहिलं हाताला लागलं ते लावलं. हे खोकले. मग म्हणाले, “शालू, तुझ्या हातची आमटी म्हणजे आमटी. आमच्याकडे असली होत नाही. हिला सांगू नकोस मात्र.”

भावजी उठून गॅलरीत गेले.

“पूस ते,” मी म्हटलं.

“नाही पुसणार.”

“माझा नवरा आहे.”

“तुमचाच आहे, वहिनी. पण बोलले ते बोलले. रागवायचं तर माझ्यावर रागवा.”

मी रागावले. विसर्जनाला गेले नाही.

पुढे तिने नवी डिस्क आणली, नक्कल केली आणि एक छोटं यंत्र घेऊन स्वतः मानपाड्याला आली. टीव्हीशेजारी ठेवलं, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. म्हणाली, आता माझ्याकडे यायला नको. मी चहा केला. आभार मानले नाहीत.

रोज दुपारी ऐकते. विहीर, शाळा, संप. आमटीसुद्धा. सगळ्यांचे आवाज धरून ठेवणारीचा आवाज कुणी धरला नाही, पण ह्यांच्या बोलण्यात मधेमधे ती आहे. हुंकार देते, हसते, मग काय झालं म्हणून विचारते. ती विचारते म्हणून हे सांगतात. ह्यांना ऐकायचं तर तिला ऐकावंच लागतं. ते मला अजून आवडत नाही.

त्या दिवशी मखरासमोर आम्ही तिघं होतो. पुढे भावजी वारले, मग शालू गेली. मी आहे.