कट्टा काढण्याचा अर्ज

कट्टा काढून टाका असा अर्ज मीच लिहिला होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं तर लपवल्यासारखं होईल. गावात कुणाला काही लिहून हवं असलं की कागद माझ्याकडे येतो. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे अक्षर चांगलं आहे आणि जड वाक्यंही लिहिता येतात. ‘नाक्यावरील जुना, भेगाळलेला व रहदारीस अडथळा ठरणारा कट्टा काढून त्या जागी सर्व रहिवाशांना एकत्र येता येईल असे सुशोभित उद्यान व्हावे’ हे वाक्य माझं. लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं, इतकं मला ते आवडलं होतं.

आमचं गाव भुईगावच्या बाजूचं. केळीच्या वाड्या, मधून अरुंद रस्ते, आणि नाक्यावर बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं. पूर्वी वाड्यांचं शिंपणं त्याच्यावरच चालायचं. काठावर भेंडीचं मोठं, दाट सावलीचं झाड आणि झाडाखाली सिमेंटचा कट्टा. हा कट्टा सरळ नव्हता, काटकोनात वळलेला होता. कुणी डोकं लावून तसा बांधला होता असं नाही, बावखलाचा काठच तिथे वळत होता. त्या कोपऱ्यात रोज दुपारी चार वाजता माझे बाबा आणि त्यांचे दोन सोबती येऊन बसायचे.

बाबा वाडीतले, केळी आणि पानवेलींत जन्म गेलेले. दुसरे शेजारच्या आळीतले सुतारकाका. ते ख्रिस्ती, अर्ध्या गावाच्या खिडक्या त्यांच्या हातच्या, आणि उजव्या कानाने ठार बहिरे. तिसरे काका मिठागरावर राबलेले, त्यांच्या टाचा अजून मिठाने फुटलेल्या दिसतात. कोपऱ्यामुळे तिघांचे गुडघे एकमेकांना लागत. काय बोलायचे ते मला कधी नीट कळलं नाही. जवळून गेलं की कोण थापा मारतोय यावरून वाद चाललेला असायचा. बाबा एक पाय वर घेऊन बसत. साडेसहाला तिघं उठत आणि ‘येतो’ही न म्हणता आपापल्या वाटेला लागत. हे चाळीसेक वर्षं चाललं होतं आणि मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मग नाक्याच्या पलीकडे सात मजली इमारती आल्या. तिथली माणसं वाईट नव्हती, पण आम्हाला ती फक्त गेटमधून आत-बाहेर करताना दिसत. आम्ही त्यांना बिल्डिंगवाले म्हणायचो, ते आम्हाला गाववाले. हळूहळू बावखलात राडारोडा पडू लागला, बाटल्या तरंगू लागल्या. दोष कोणाचा यावर दोन्हीकडचे लोक एकमेकांशी न बोलता भांडत होते. मला या सगळ्याची चीड यायची. एक चांगली, स्वच्छ जागा केली तर माणसं आपोआप एकत्र येतील असं मला मनापासून वाटत होतं, आणि तो विचार चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. दोन्हीकडची माणसं घेऊन आम्ही सुधार समिती केली. कट्टा खरोखरच भेगाळला होता, वळणावर एक स्कूटरवाला त्याला आपटलाही होता. बाबांना विचारावं हे मला सुचलंसुद्धा नाही. कट्टा काही त्यांच्या नावावर नव्हता, आणि बसायला बाकं तर होणारच होती.

उद्यान झालं. बावखलातला गाळ निघाला, कठडा आला, पेव्हर ब्लॉक आले, मध्ये कारंजं आलं. आणि लोक आले, हे विशेष. बिल्डिंगमधल्या बायका आणि गावातल्या बायका पहिल्यांदा एका हळदीकुंकवाला बसल्या, नाताळात आळीतल्या पोरींनी तिथे गाणी म्हटली, सकाळी हास्यक्लबवाल्यांचे हात वर होऊ लागले. उद्घाटनाच्या फोटोत मी अगदी पुढे, दात काढून उभी आहे.

आमचे तिघं तिथे चार दिवस गेले. बाकं स्टीलची, एका रांगेत, तोंड कारंज्याकडे, आणि दोन माणसांच्या मध्ये लोखंडी हात. सुतारकाका मधे बसले की एका बाजूचं त्यांना काहीच ऐकू येईना, कडेला बसले तर तिसऱ्याचं बोलणं कारंज्याच्या आवाजात बुडून जाई. दिव्यांच्या खांबासाठी भेंडीच्या फांद्या तोडल्या होत्या, त्यामुळे चार वाजता बाकं तव्यासारखी तापलेली. बाबांनी सवयीने पाय वर घेतला की रखवालदार शिट्टी मारायचा. पाचव्या दिवशी बाबा दहा मिनिटांत परत आले, सदरा खुंटीला अडकवला आणि वाडीच्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसले.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबा कधीच फार बोलणारे नव्हते असं मी समजत होते. ते बोलत होते, पण कट्ट्यावर, हे मला तेव्हा कळलं. आता त्यांचं बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘राहू दे’ एवढ्यावर आलं. संध्याकाळची भाकरी ताटात राहायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, वयाच्या मानाने छान आहे म्हणाले. मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला. वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणं सोपं, एका म्हाताऱ्याला बोलतं करणं मला जमेना. मी चिडायचे, मग रडू यायचं, मग चिडल्याबद्दल स्वतःचाच राग यायचा. एकदा मी त्यांना सरळ विचारलं की तुम्ही एकमेकांच्या घरी का जात नाही, चार पावलांवर तर घरं आहेत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अचरट बोलले होते.

मला वाटलं, आपण बोलावू. रविवारी चारची वेळ ठरवली. ओटीवर चार खुर्च्या मांडल्या, तिघांसाठी तीन आणि माझ्यासाठी एक, चहा आणि कांदाभजी केली. दोघं आले ते इस्त्रीचे सदरे घालून. सुतारकाकांनी हातात बिस्किटांचा पुडा आणलेला. त्यांना बघून बाबा आत गेले आणि तेही सदरा बदलून आले. ‘या, बसा,’ म्हणाले. चाळीस वर्षांत बाबांनी त्या माणसांना ‘बसा’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मग मुलगा कुठे असतो, सुनेचं कसं चाललंय, पाऊस कसा झाला अशी चौकशी झाली. सुतारकाकांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोला नमस्कार केला. भजी सगळ्यांनी एक-एकच घेतली. वीस मिनिटांत दोघं उठले, बाबा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि दोघांनी त्यांना हात जोडले.

मी धावत त्यांच्या मागे गेले. पुढच्या रविवारी या, काही नको, नुसते बसा, असं काकुळतीला येऊन सांगितलं. मिठागरवाले काका थांबले.

‘पोरी,’ ते म्हणाले, ‘घरात आला का मानूस पाव्हना झाला. तिथं कोनी कोनाचा पाव्हना नव्हता.’

मग मी समितीपुढे गेले. मागणी साधी होती: कोपऱ्यात एक काटकोनातला कट्टा बांधा, तीन माणसं बसतील एवढा. कुणी वाकडं बोललं नाही, ते बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं. कट्टा म्हटला की टवाळखोर येतात, असं एक जण म्हणाले. बाकं असताना कट्टा कशाला, असं दुसऱ्या बाई म्हणाल्या. आणि एका गृहस्थांनी फाइल उघडून माझाच अर्ज मला वाचून दाखवला. भेगाळलेला, रहदारीस अडथळा ठरणारा. त्यांना टोचायचं नव्हतं, फक्त ठराव कसा झाला ते सांगायचं होतं. मी माझ्या अक्षराकडे बघत बसले. घरी येऊन तीन प्लास्टिकच्या खुर्च्या उचलल्या आणि भेंडीखाली समोरासमोर नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्याच्या डब्याशेजारी उलट्या करून ठेवलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मांडल्या. चौथ्या दिवशी त्या दिसल्याच नाहीत.

पावसाळा संपता संपता एका सकाळी चर्चची घंटा वाजली. मयताची घंटा वेगळी असते, सावकाश, एकेक ठोका सुटा. पलीकडच्या आळीतली एक म्हातारी गेली होती. बाबांचा तिच्याशी काही घरोबा नव्हता. पण ते उठले, आंघोळ केली, सदरा घातला आणि म्हणाले, जायला पाहिजे. किती दिवसांनी ते आपण होऊन एक वाक्य बोलले होते. मीही बरोबर गेले. माती दिल्यावर लोक पांगले, आणि दफनभूमीच्या बाहेर बुटक्या दगडी गडग्यावर मला ते तिघं दिसले. गडगा तिथे वळतो. सुतारकाका डावा कान पुढे करून बसले होते, बाबांचा पाय वर होता, आणि मिठागरवाले काका कुणाचं तरी म्हणणं साफ खोडून काढत होते. मी लांब उभी राहिले. दोन तास उभी होते. मधेच बाबा हसले, तेव्हा मला तोंडाला पदर लावावा लागला. त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि आणखी अर्धी मागितली.

त्यानंतर बाबा वाट बघायला लागले. हे लिहायला नको वाटतं, पण खरं ते हेच. मयत हे एकच असं कारण उरलं होतं की ज्याला कुणाला बोलवावं लागत नाही आणि जिथे कुणी पाहुणा नसतो. सकाळी चहा घेताना ते खिडकीशी कान देऊन बसत. घंटा नाही वाजली तर मला विचारत, ‘तुझ्या मोबाइलवर काय आलंय का?’ गावाच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे निरोप येतात, त्याबद्दल ते विचारायचे. सुरुवातीला मी त्यांच्यावर खेकसले. मग मीसुद्धा उठल्या उठल्या बघायला लागले. तीन आठवडे कोरडे गेले. बाबा पुन्हा ‘राहू दे’वर आले, भाकरी पुन्हा उरू लागली. आणि एका सकाळी निरोप दिसला, जवळच्या नंदाखाल गावातले एक ओळखीचे गृहस्थ गेले होते. त्यांच्या मुलीला मी शिकवलं होतं. ती गुणी मुलगी होती. निरोप वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर आनंद आला. ‘बाबा, उठा,’ असं मी ओरडले ते अगदी लग्नाला निघाल्यासारखं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मी असली बाई नव्हते. मला माझीच किळस आली, आणि तरी मी इस्त्री गरम करायला लावली.

नंदाखालला रिक्षाने गेलो. मिठागरवाले काका आणि सुतारकाका आधीच पोचले होते, म्हणजे तेही कुणाला तरी विचारत असणार. त्या मुलीला मी जवळ घेतलं, ती माझ्या खांद्यावर रडली, आणि माझी नजर मात्र अंगणात तिघांना बसायला जागा आहे का ते शोधत होती. जागा नव्हती. मांडववाल्याने खुर्च्या ओळीत लावल्या होत्या, गर्दी होती, तिघं तीन ठिकाणी अडकले. एकमेकांना लांबून मान हलवण्यापलीकडे काही झालं नाही. घाईघाईने सगळं उरकलं आणि लोक पांगले. तिघंही उभे राहिले, मग निघाले.

परतीच्या रिक्षात बाबांनी अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं, मला सांगायला सुरुवात केली. माझ्या वेळी एवढी घाई करू नको. दुपारची वेळ ठेव, चारच्या पुढची. खुर्च्या मांडववाल्याला लावू देऊ नको, तू स्वतः लाव, त्या दोघांच्या समोरासमोर लाव. चहा ठेव पण बस म्हणू नको. लोक गेले तरी त्यांना उठवू नको.

‘बाबा, असलं काही बोलू नका,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

‘नाय बोलत,’ बाबा म्हणाले. रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, ‘मग त्यांनी बसायचं कुठं?’

ते मला टोमणा मारत नव्हते. अर्ज मी लिहिला हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, त्यांना ते माहीत असेल की नाही हेही मला ठाऊक नाही. त्यांना खरंच एखादी जागा सांगून हवी होती. मी नाका आठवला, बसस्टॉप आठवला, देवळाची पायरी, दुकानाची फळी, बिल्डिंगचं गेट आठवलं. रिक्षा आमच्या फाटकाशी येऊन थांबली तेव्हाही मी आठवतच होते.