टायरच्या दुकानावरचं जंगल

आमच्या स्टुडिओतली माणसं आता एकमेकांना लग्नात भेटतात, नाहीतर सरकारी दवाखान्याच्या रांगेत. पाच मिनिटं होत नाहीत की कोणीतरी विचारतं, "तो किस्सा आठवते का?" मग एकातून दुसरा निघत जातो. सुरुवात हसण्यानं होते. पण चार-पाच किस्से झाले की हसणं थांबलेलं असतं आणि चहा गार झालेला असतो.

आमचा स्टुडिओ चंद्रपूरला, टायरच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर होता. बाहेरदेशच्या कंपन्या व्हिडिओ गेम बनवायच्या आणि त्यातली झाडं, दगड, भिंती, आकाश आम्ही काढून द्यायचो. मालक निखिलभाऊ कोरपन्याचा, हैदराबादला शिकून आलेला. बोर्डावर 'डिजिटल' हा शब्द होता, त्यामुळे रोज दोन-चार माणसं आधार कार्डाला मोबाईल नंबर जोडायला जिना चढून यायची. निखिलभाऊ कोणाला परत पाठवत नसे. हातातलं काम बाजूला ठेवून फॉर्म भरून द्यायचा. मला म्हणायचा, "प्रज्ञा, गेमचं काम राहीन का नाई मले माहीत नाई. फॉर्म राहीन."

आज त्या माळ्यावर फॉर्मच भरले जातात.

* * *

मारोतीभाऊ आमच्यात सगळ्यात मोठे, साठीला आलेले. वडशाकडचे. झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. राजवाडा, तुरुंग, जंगल, जे म्हणाल ते. मग फ्लेक्स आला आणि नाटक मंडळ्यांनी पडदे छापून घ्यायला सुरुवात केली. निखिलभाऊनं त्यांना शोधून आणलं. म्हणाला, जंगल काढायला जंगल पाहिलेला माणूस पाहिजे.

पहिल्याच कामात मारोतीभाऊंनी महिनाभर बसून एक जंगल रंगवलं. मोह, ऐन, बेहडा, धावडा, तेंदू. एक झाड दुसऱ्यासारखं नाही. कंपनीचं उत्तर आलं की काम फारच सुंदर आहे, पण साध्या मोबाईलवर एवढं जंगल चालणार नाही, गेम अडकतो. तीन झाडं ठेवा, बाकीची काढून टाका.

मग आम्ही त्यांना शिकवलं. एक झाड घ्यायचं, कॉपी करायचं, थोडं फिरवायचं, थोडं लहान करायचं, की दुसरं तयार. ते हात मांडीवर ठेवून पाहत होते.

"म्हंजे एकच झाड फिरवून फिरवून जंगल करायचं," ते म्हणाले. "हे तं सागाचं प्लांटेशन झालं."

कोणती तीन ठेवायची हे ठरवायला त्यांना दोन दिवस लागले.

* * *

नंतर आम्हाला मोठं काम मिळालं. कन्सोलच्या गेमचं. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा. कंपनीनं काम तपासायला एक डबा आमच्याकडे पाठवला. आठवडाभर लोक त्याला हात लावायला घाबरत होते.

मे महिना होता आणि चंद्रपूरचा मे काय असतो ते मी सांगायला नको. डबा दर तासाला तापून बंद पडायचा. आमच्याकडे कूलर एकच. निखिलभाऊनं तो डब्याच्या तोंडासमोर लावला आणि आम्ही ओले रुमाल डोक्यावर टाकून बसायला लागलो. कोणी तक्रार केली नाही. काम हातातून जाईल ही भीती सगळ्यांना होती.

चौथ्या दिवशी दुपारी मारोतीभाऊ खुर्चीतून खाली पडले. ऊन लागलं होतं. आम्ही त्यांना उचलून कूलरसमोर झोपवलं आणि डबा बाजूला सरकवला. आमच्यातली सुषमा त्यांच्या पायाला कांदा चोळत होती. तेवढ्यात डबा बंद पडला. तो इंटरनेटनं कंपनीला जोडलेला होता, अर्ध्या तासात त्यांचा ईमेल आला, चाचणी का थांबली म्हणून.

निखिलभाऊनं लिहिलं, 'तांत्रिक कारण.'

मारोतीभाऊ बरे होऊन आले तोवर बातमी आली की त्या डब्याच्या पुढचा डबा बाजारात येतोय. आता जुन्यासाठी काम करायचं नाही. नव्यात पानांच्या शिरासुद्धा दिसतात, तेव्हा सगळी झाडं पुन्हा काढा. मारोतीभाऊंनी चष्मा पुसला.

"आधी म्हने झाडं जास्त," ते म्हणाले, "आता म्हने पानं कमी."

* * *

मारोतीभाऊंची संध्याकाळ फार चांगली उतरायची. पडद्यावरही म्हणे त्यांच्या संध्याकाळला टाळ्या पडायच्या. एका गावाच्या गेमसाठी त्यांनी ती काढली. शेणाचा धूर, त्याच्या वर तांबडं, आणि अगदी टोकाला थोडं जांभळं.

माझं काम दुकानाचं होतं. प्रत्येक गेममध्ये आता एक दुकान असतं. कपडे, टोप्या, घोडे, सगळं खरे पैसे देऊन घ्यायचं. त्या दुकानाची बटणं मी काढायची. कंपनीनं कळवलं की संध्याकाळ इतकी छान झाली आहे की ती फुकट देणं बरोबर नाही. ती दुकानात ठेवा. जे विकत घेणार नाहीत त्यांना दुपारच राहील.

त्या आकाशावर कुलपाचं चित्र मी काढलं. हे मारोतीभाऊंना दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मीच जाऊन सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, ज्यानं विकत घेतलं नाही त्याच्या गावात दिवस बुडतच नाही का? मी म्हटलं, नाही बुडत.

त्यांनी स्क्रीनवरच्या गावाकडे बोट केलं.

"मंग तो बिचारा वावरातून घरी कवा येईन?"

* * *

सोमा भामरागडच्याही पुढच्या गावचा. त्याचं काम दिवसभर गेम खेळून चुका शोधायचं. लोकांना वाटायचं मजा आहे. एकच दार तीनशे वेळा उघडायचं यात कसली मजा, असं तो म्हणायचा.

त्या पावसाळ्यात त्याच्याकडे शेतीचा गेम होता. त्यात रोज यावंच लागायचं. नाही आलात तर पीक सुकायचं आणि मोबाईलवर निरोप यायचा. सोमा सुट्टीवर गावी गेला आणि नदीला पूर आला. रस्ता बंद, वीज बंद, नेटवर्क नाही. घरचा धान पाण्याखाली गेला. आठ दिवस ती माणसं शाळेच्या खोलीत होती.

नवव्या दिवशी तो टेकडीवर गेला, तिथं थोडी रेंज मिळायची. मोबाईल वाजायला लागला तो थांबेचना. सोमाला वाटलं ऑफिसातले काळजीत असतील. पाहतो तर सगळे निरोप गेमचे. 'तुमचं शेत तुमची वाट पाहत आहे. पाण्याशिवाय पीक सुकत आहे.'

आमचा एकही निरोप नव्हता. आम्हाला वाटलं होतं, सुट्टी वाढवली असेल.

परत आल्यावर त्यानं चुकांच्या यादीत एक ओळ लिहिली, की पाणी जास्त झालं तर या गेमला समजत नाही. निखिलभाऊनं यादी जशीच्या तशी पाठवली. कंपनीनं त्या ओळीपुढे उत्तर लिहिलं, 'ही चूक नाही. गेम असाच बनवला आहे.'

* * *

आमचा कन्सोलचा गेम शेवटी निघाला. संपल्यावर नावांची यादी सरकते, तिच्यात आमची सगळ्यांची नावं होती. मारोतीभाऊंना त्याची सीडी घरी ठेवायची होती, बायकोला दाखवायला. निखिलभाऊनं सांगितलं की नव्या डब्यात सीडी घालायची जागाच नाही, सगळं इंटरनेटवरून उतरतं. मारोतीभाऊंचा विश्वास बसला नाही. त्यांनी डबा हातात घेऊन त्याच्या चारही बाजूंनी बोट फिरवून पाहिलं.

मग एका रविवारी ते बायकोला ऑफिसातच घेऊन आले. नाव आलं आणि गेलं. बाईंना वाचायला वेळ मिळाला नाही, म्हणून सोमानं पुन्हा लावलं. तेव्हा वाचलं.

दीड वर्षात कंपनीनं तो गेम बंद केला. खेळणारे कमी झाले होते. गेम कंपनीच्या मशीनवरून चालायचा, ती मशीन बंद झाली आणि जगात कुठंच तो उघडेना, आमच्या ऑफिसातही नाही. मारोतीभाऊंचे जुने पडदे वडशाला एका नाटक मंडळीच्या पेटीत पडलेले आहेत, ते आठवून मी म्हटलं, निदान ते तरी आहेत. ते म्हणाले, त्यांनाही उंदीर लागलेत.

मग म्हणाले, "पन उंदरानं खाल्ला तरी अर्धा उरते."

* * *

पुढचा किस्सा निखिलभाऊ कधी सांगत नाही. मीच सांगते.

कंपनीनं एक नवीन सॉफ्टवेअर आणलं. 'जंगल' लिहिलं की ते जंगल काढून द्यायचं. आता आम्ही काढायचं नाही, त्याच्या चुका तेवढ्या सुधारायच्या. मारोतीभाऊ चुका शोधायला बसले आणि पहिल्याच चित्रावर थांबले. मला बोलावलं.

त्यांची एक सवय होती. डाव्या बाजूच्या झाडाला ते नेहमी एक मोडकी फांदी काढायचे. पडद्याला तिथं शिवण यायची, ती लपवायला. कॉम्प्युटरवर शिवण कुठली? तरी हात जायचा. त्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक जंगलात डावीकडे एक मोडकी फांदी होती. आमचं सगळं काम त्याला दाखवून शिकवलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"हे फांदी माही हाय," ते हळूच म्हणाले.

कंपनीच्या यादीत तिच्यापुढे 'चूक' असं लिहिलेलं होतं. त्यांनी स्क्रीनवरचा रबर घेतला आणि एकेका चित्रातून ती पुसली. संध्याकाळपर्यंत तेच केलं. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

* * *

आता सुषमाचं. सुषमा मूल तालुक्यातल्या एका खेड्यातली. ती जनावरांना चालवायची, म्हणजे स्क्रीनवरची जनावरं कशी चालतील, बसतील, पळतील हे तिचं काम. शेवटच्या वर्षी एक जंगलाचा गेम आला, त्यात वाघ होता. सुषमानं त्याला गवतातून आणलं. पोट जमिनीला टेकलेलं, काही आवाज नाही. कंपनीनं परत पाठवलं. वाघानं आधी डरकाळी फोडली पाहिजे, नाहीतर खेळणाऱ्याला कळणार कसं? सुषमानं वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाली, "कळतच नाई ना." आणि डरकाळी घातली.

तिची आई चार वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला सकाळी गेली होती, तेव्हा वाघानं नेली. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ती स्वतः कधी बोलली नव्हती.

एक दिवस तिचे बाबा डोळे तपासायला चंद्रपूरला आले आणि बसच्या वेळेपर्यंत ऑफिसात येऊन बसले. धोतर, पांढरी टोपी, हातात दवाखान्याची पिशवी. मी त्यांना खुर्ची दिली. ती नेमकी सोमाच्या मागं होती. सोमा त्याच गेमची चाचणी करत होता, आणि मागं कोण बसलंय याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

स्क्रीनवर टोपली घेतलेली एक बाई झाडाखाली वाकली. गवत हललं. डरकाळी झाली, वाघानं झेप घेतली आणि स्क्रीन काळी झाली. मग गावाच्या वेशीवर तीच बाई पुन्हा उभी राहिली. टोपली रिकामी.

सुषमा धावत आली आणि बंद करायला हात पुढे केला. बाबांनी तिचा हात धरला. राहू दे म्हणाले. सोमानं वळून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काय करावं हे कोणालाच सुचलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा खेळायला सुरुवात केली. बाई पुन्हा जंगलात गेली. पुन्हा वाघ आला. ती पुन्हा वेशीवर उभी राहिली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. बाबा औषध घातलेल्या डोळ्यांनी जवळ वाकून पाहत होते. वाघाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"सुषमा," शेवटी ते म्हणाले, "उठल्यावर तिले काही आठवते का?"

"नाई, बाबा. सारं पहिल्यापासून."

"मंग बरं हाय," बाबा म्हणाले, आणि पिशवी उचलून मूलची बस किती वाजता आहे ते विचारलं.