उत्तरपत्रिकेची पहिली ओळ

माझ्या आण्णांना दोनच गोष्टी लिहिता येतात. एक स्वतःची सही आणि दुसरं ‘आई येडेश्वरी प्रसन्न’. बाकी सगळा जन्म मेंढरांच्या मागं गेला. शाळेचं दार त्यांनी पाहिलं ते मला सोडायला आले तेव्हा.

आमचं गाव येरमाळ्याजवळ, देवीचा डोंगर आमच्या शिवारातून दिसतो. आमच्याकडं कुणीही काहीही लिहायला घेतलं की आधी तिचं नाव. टेम्पोच्या काचेवर, विहिरीच्या कठड्यावर, दुधाच्या डायरीवर, एवढंच काय, फवारणीच्या औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा. चौथीच्या परीक्षेला निघाले तेव्हा आण्णांनी माझ्या हातात नवं पेन दिलं आणि म्हणाले, “आदी तिचं नाव, मंग तुजं.” तेव्हापासून मी एकही पेपर त्या ओळीशिवाय लिहिला नाही. शाळेतले गुरुजी त्या ओळीशेजारी लाल पेनानं बरोबरची खूण करायचे. पुढं दहावी झाली, बारावी झाली, कुणी हूं की चूं केलं नाही.

मग बीएस्सीला तालुक्याच्या कॉलेजात गेले. त्या तीन वर्षांबद्दल चांगलं काही आठवावं म्हणून मी खूपदा बसले, आठवत नाही. प्रयोगशाळेचं कुलूप जेवढ्या वेळा पाहिलं तेवढं आतलं सामान पाहिलं नाही. शिकवणारे सर तासावर पगार मिळणारे, दिवाळीनंतर यायचे आणि परीक्षेच्या आधी जायचे. प्रयोगवही आम्ही मागच्या वर्षीच्या मुलींच्या वहीवरून उतरवायचो. आकडे त्यांचेच, चुकाही त्यांच्याच. विद्यापीठ म्हणजे आमच्या लेखी एक वेबसाइट होती आणि निकालाच्या दिवशी ती हमखास बंद पडायची. एका सेमिस्टरला त्यांनी मला गणितात नापास केलं आणि महिन्याभरानं आपणहून पास केलं. असं कसं झालं म्हणून विचारायला गेले तर कॉलेजातले क्लार्क म्हणाले, “झालीस ना पास? मग कशाला खोलात जातीस?” मी घरी आले आणि पुढच्या सेमिस्टरचं पुस्तक उघडलं.

कारण मला बीएड करून मास्तरीण व्हायचं होतं. आणि त्यासाठी आण्णांकडून शब्द घेतलेला होता. आत्याच्या ओळखीतलं नळदुर्गचं एक स्थळ दोन वर्षं आमच्या दारात येऊन बसत होतं. माणसं चांगली होती, हायवेला टायरचं दुकान होतं. शेवटच्या वर्षाला असताना आण्णा सगळ्या भावकीसमोर म्हणाले, “यंदा पोरीचा बीएडला नंबर लागला तर दोन वर्सं कुणी हा इषय काडायचा न्हाय. न्हाय लागला, तर मग मी तरी कुणाला थांबवू?” हे दोन्ही बाजूंनी बांधणारं वचन होतं, आणि आण्णा शब्दाला पक्के. मला तेव्हा त्याची भीती वाटली नाही. अभ्यास झालेला होता.

बीएडची प्रवेश परीक्षा दिली. यादीत नाव लागलं, तेही धाराशिवलाच. आण्णांनी त्या दिवशी मेंढरं लवकर वाड्यात घातली आणि पेढे घेऊन स्वतः आत्याकडं गेले. प्रवेश पक्का करायला एकच कागद कमी होता, शेवटच्या सेमिस्टरचं गुणपत्रक. निकाल लागला तेव्हा बाकी सगळ्या विषयांपुढं गुण होते आणि खाली शेरा होता, ‘निकाल राखीव’. केमिस्ट्रीच्या पेपरपुढची जागा मोकळी.

कॉलेज म्हणालं, विद्यापीठाला विचारा. विद्यापीठाला फोन केला, तो कुणी उचलला नाही. प्रवेशाची मुदत दहा दिवसांवर आली तेव्हा आण्णा आणि मी पहाटेची एसटी धरून गेलो. विद्यापीठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. केवढी झाडं, केवढे रस्ते, आणि माणसाला बसायला कुठं काही नाही. परीक्षा विभागात सात नंबरच्या खिडकीवर पाठवलं, तिथून चारवर, चारवरून परत सातवर. सातवरचे साहेब जेवायला गेलेले. तीनच्या पुढं आले, माझा नंबर कॉम्प्युटरात घातला आणि म्हणाले, “तुझी केस गैरप्रकारात आहे.”

मी म्हटलं, “सर, मी कॉपी केली नाही.”

“कॉपी कोण म्हणतंय? उत्तरपत्रिकेवर ओळख पटेल अशी खूण केलीयेस. देवाचं नाव लिहिलंयस वर. मागच्या पानावर नियम छापलाय, वाचला नाहीस?”

नाही वाचला. आमच्या अख्ख्या वर्गात कुणी वाचला नव्हता. बारीक अक्षरात, इंग्रजीत, खाकी कागदावर फिकट शाईनं छापलेला नियम. पाच सेमिस्टर मी तीच ओळ लिहिली होती आणि पाचही वेळा पेपर तपासून आले होते. सहाव्या वेळी कुण्या तपासणाऱ्याच्या डोळ्यांत ती खुपली. मी आण्णांकडं वळून पाहिलं. ते खिडकीपासून दोन हात लांब, हातात पिशवी धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

साहेबांनी एक कोरा कागद दिला, खुलासा लिहून दे म्हणाले. बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून मी लिहिला. माझ्याकडून अनवधानाने चूक झाली, पुन्हा होणार नाही, माझं वर्ष वाया जाऊ देऊ नये, असं सगळं शुद्ध भाषेत लिहिलं आणि खिडकीत दिलं. साहेबांनी कागद पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि शेजारच्या माणसाला दाखवला. दोघंही हसले. खुलाशाच्या वर, मधोमध, मी लिहिलं होतं, आई येडेश्वरी प्रसन्न.

हाताला वळण पडलं होतं, त्याला मी काय करू? आजही ते आठवलं की कान गरम होतात. दुसरा कागद मागितला तेव्हा साहेब म्हणाले, “बघ बाई, आता तरी.” तो कागद घेऊन मी परत पायरीवर येऊन बसले. वर मोकळी जागा तशीच ठेवून लिहायला सुरुवात केली तर आपण काहीतरी चोरतोय असं वाटत होतं.

चौकशी पुढच्या मंगळवारी, आणि प्रवेशाचा शेवटचा दिवस शुक्रवार. म्हणजे मधे तीन दिवस होते. एसटीत परत येताना मी ते तीन दिवस सतरा वेळा मोजले.

मंगळवारी तिथल्या व्हरांड्यात आमच्यासारखी वीस-पंचवीस पोरं-पोरी होती. एकानं पेपरात मोबाइल नंबर लिहिला होता, फोन करा म्हणून. एकीनं शेवटच्या पानावर लिहिलं होतं, सर पास करा, नाहीतर माझं लग्न लावतील. ती सांगताना हसत होती, आणि मलाही हसू आलं. त्यांच्या ओळीत मी का, हा प्रश्न मला पडला होता. मला वाटतं तिलाही माझ्याबद्दल तोच पडला असेल.

आत टेबलामागं तिघं होते. मधल्या सरांनी माझी उत्तरपत्रिका उघडून पहिल्या ओळीवर पेन टेकवलं.

“हे कशासाठी?”

“सवय आहे सर. आमच्याकडं सगळे लिहितात.”

“तपासणाऱ्याला खूण म्हणून?”

तपासणारा कोण हे मला माहीत असतं तर मी प्रत्येक निकालाला महिना-महिना जीव टांगून बसले असते का, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, “नाही सर. सर, शुक्रवारी माझ्या प्रवेशाची मुदत संपते. तेवढ्यात झालं तर...”

“ते आमच्या हातात नाही.”

तेवढ्यात दार ढकलून आण्णा आत आले. शिपाई मागून त्यांचा दंड धरत होता. आण्णांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. पटका काढलेले आण्णा मी फक्त मयतीत पाहिले होते.

“सायेब, ती म्या शिकवलेली हाय वळ. पोरगी चवथीत व्हती तवा. तिला ठावं न्हाई, मलाबी ठावं न्हाई की हितं चालत न्हाई. शिक्षा द्याची तर मला द्या.”

तिघांपैकी एका मॅडमनी मान खाली घातली. मधले सर वाईट नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. ते आवाज न चढवता म्हणाले, “बाबा, तुम्हाला शिक्षा द्यायची आमच्याकडं सोय नाही. निर्णय पंधरा दिवसांत कळवू.”

शुक्रवारी मी धाराशिवच्या बीएड कॉलेजात जाऊन बसले. निकाल राखीव असल्याचं पत्र दाखवलं, विद्यापीठाच्या शिक्क्याची पोच दाखवली. तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं. पाच वाजता त्यांनी पोर्टल माझ्यासमोर फिरवून दाखवलं, माझ्या नावापुढं ‘प्रवेश रद्द’ असं आलं होतं. मी बरं म्हटलं. त्यांना धन्यवादही दिले बहुतेक. स्टँडवर येईपर्यंत रडू आलं नाही, येरमाळ्याची गाडी लागली तेव्हा आलं.

निर्णय पंधरा दिवसांत नाही, पाऊण महिन्यानं लागला. विद्यार्थिनीचा हेतू गैर नसल्याचे समितीचे मत झाले आहे, सबब निकाल जाहीर करण्यात येत आहे. केमिस्ट्रीला ऐंशीपैकी एकाहत्तर. कॉलेजात पहिली आले होते मी त्या विषयात. तो कागद मला टपालानं आला आणि मी तो घडी न मोडता आण्णांपुढं ठेवला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला. मग म्हणाले, “म्हंजे चूक नव्हती?”

“नव्हती.”

“मंग?”

मी कागदाची परत घडी घातली. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता आली असती, हे मला कळत होतं, त्यांनाही कळत असणार. पण शब्द ‘यंदा’चा होता आणि भावकीनं तो ऐकलेला होता. आत्या दिवाळीला आली ती नळदुर्गची माणसं घेऊनच आली. आण्णांनी मला ओसरीवर बोलावून विचारलं, “काय करू?” मी म्हटलं, तुम्ही शब्द दिलाय. मला त्यांना दुखवायचं होतं आणि मी दुखवलं.

लग्नाची पत्रिका छापायला आम्ही दोघं येरमाळ्यात हायवेवरच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्यानं कॉम्प्युटरवर मजकूर जुळवला आणि न विचारता वर मधोमध ‘आई येडेश्वरी प्रसन्न’ टाकलं, जसं तो प्रत्येक पत्रिकेवर टाकतो.

आण्णांना ती एकच ओळ ओळखता येते. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “ही काडा.”

“आवो, देवीचं नाव हाय.”

“ठावं हाय. काडा. वरची जागा मोकळी ऱ्हाऊ द्या.”

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या नमुन्यांकडं बघत राहिले. त्यानं ओळ काढली.

आमच्या भागात तशी पत्रिका कुणी पाहिली नव्हती. ज्याच्या हातात पडली त्यानं विचारलं, देवीचं नाव कुठाय? आण्णांनी सगळ्यांना एकच सांगितलं, छापणाऱ्याकडनं ऱ्हायलं. खोटं बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येक वेळी मी तिथंच होते, कधी चहा देत, कधी नुसती उभी. आण्णा, तुमची चूक नव्हती, एवढं एक वाक्य मला म्हणता आलं असतं. विद्यापीठानंसुद्धा तेवढं लिहून दिलं होतं. मी म्हणाले नाही.