खलीलभाईंचा संशय

आडगाव नाक्यापलीकडे ट्रकांच्या वायरिंगची कामं करणारे खलीलभाई कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. दुकानातून आणलेला नवा फ्यूजसुद्धा आधी तपासून घेतात. मालेगावात वडिलांबरोबर यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करताना लागलेली ही सवय पन्नाशीतही सुटलेली नाही. मला असा माणूस आवडतो, कारण मीही तसाच आहे. निदान मला तसं वाटायचं.

माझ्या ट्रेलरचे मागचे दिवे महिन्यात तीनदा गेले. तिन्ही वेळा मुंबईहून परतताना, कसारा घाट चढून इगतपुरीला पोचल्यावर. आणि ड्रायव्हर केरूचं घर इगतपुरीजवळच! "फ्यूज उडतोय शेठ, गाडी बाजूला लावलीय, उजाडल्यावर निघतो," असा त्याचा फोन. मी काय दूधखुळा आहे? फ्यूज काढायचा आणि घरी जाऊन ताणून द्यायची, दुसरं काय! खात्री करायला त्याच्या बायकोला, कुसाबाईला फोन लावला. "नाय बा, एकदाबी घरी आले नाय," ती म्हणाली. पढवून ठेवलेली दिसते, असं मी मनात म्हटलं.

केरूच्या जागी मी दुसरा माणूस ठरवून टाकला. गाडी खलीलभाईंकडे नेली ती केरूची लबाडी त्याच्या तोंडावर सिद्ध करायला. त्यालाही मुद्दाम बोलावलं.

"बारा वर्सं तुमची गाडी चालवली," केरू एवढंच बोलला.

खलीलभाईंनी आधी मलाच विचारलं, "वायरिंगला हात कोणी लावला?"

"कोणीच नाही."

"सगळे हेच बोलतात," ते म्हणाले. मला राग आला.

त्यांनी मागचे सगळे बल्ब काढले आणि फ्यूजच्या जागी स्वतःचा एक मोठा बल्ब जोडला. वायर कुठे लोखंडाला टेकली की तो पेटणार. बल्ब काही पेटेना. मी केरूकडे बघून हसलो.

"गाडी उभी आहे शेठ," खलीलभाई म्हणाले. "घाटात ती उभी असते का?"

त्यांनी केरूला ट्रेलरची एका बाजूची चाकं जाड फळ्यांवर चढवायला लावली. सांगाडा कुरकुरत जरासा पिळला आणि बल्ब लख्ख पेटला. माझं हसू तिथेच थांबलं. पुढच्या घोड्यातून, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनाच्या गाडीतून, ट्रेलरकडे जाणारी केबल काढली, तसा बल्ब विझला. म्हणजे दोष ट्रेलरमध्येच होता.

मग केबल परत लावून एकेक वायर तपासणं सुरू झालं. निर्दोष निघेल तिच्यावर खडूची खूण करायची आणि म्हणायचं, "ही सुटली." केरू उजेडाला बॅटरी धरून शेजारी बसला होता. दोघांनी मघाशी एकाच टपरीवर चहा घेतलेला. हे आधीच ठरवून आले असतील का, असंही मला वाटून गेलं.

शेवटी खलीलभाई ट्रेलरच्या मागच्या पोकळ पट्टीशी थांबले. बाहेरून एक स्क्रू मारलेला होता. त्याचं टोक आत वायरीत घुसलं होतं, आणि ट्रेलर पिळला की तांब्याला टेकत होतं. स्क्रूला बाहेर लटकत होती काळी बाहुली.

"ही कोणी लावली?"

गेल्या महिन्यात ट्रेलर रंगवला, तेव्हा शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं फार तारीफ केली होती. त्याची नजर मला बरी वाटली नाही. ड्रिलनं भोक पाडून मीच बाहुली टांगली होती.

"मी," मी म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"केरू, उद्यापासून तूच ये," मी कसंबसं म्हणालो.

खलीलभाईंनी वायर नीट करून तिच्यावर खूण केली. "ही पण सुटली. केरूभाऊला कोण सोडवणार? तुमचा फोन गेला तेव्हापासून भाभी यांच्याशी बोलत नाही. घरी नाही आलात तर तीन राती होता कुठं, विचारते."

केरू मान खाली घालून उभा होता. मी तिथल्या तिथे कुसाबाईला फोन लावला. बाहुली, स्क्रू, घाट, सगळं सांगितलं. माझ्या ट्रेलरपाशी राखणीला तो गाडीतच झोपत होता, हेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तव्हा फोन करून संशयबी तुमीच घातला व्हता, शेठ. आता तुमचं कसं खरं धरू?"

आणि फोन बंद झाला.

"काय म्हनली?" केरूनं विचारलं.